हेडफोन चांगला, तरी आवाज तुटतो

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. घरात वायफाय आलं, त्यावर चालणारी उपकरणं वाढली आणि बिनतारी हेडफोन अडखळायला लागला. मात्र आवाज तुटला की वायफायच दोषी, असं नसतं. म्हणून वेगळ्या कारणांचेही काही प्रश्न मुद्दाम घेतले आहेत.

प्रश्न (डोंबिवली) : हॉलमधल्या टीव्ही युनिटमध्ये फायबर कंपनीने वायफायचा डबा बसवून दिला. तेव्हापासून सोफ्यावर बसून मोबाइलवरून ब्लूटूथ हेडफोनवर गाणी ऐकली की आवाज तुटतो. बाल्कनीत गेलं की ठीक. दुकानदाराने हेडफोन बदलून दिला, तरी तेच. दोष कशात शोधायचा?

उत्तर : तिसरा हेडफोन आणलात तरी त्या सोफ्यावर तो असाच अडखळेल. ब्लूटूथ आणि वायफायचा जुना बँड एकाच पट्ट्यात काम करतात : २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजेच राउटरवर लिहिलेला २.४ गिगाहर्ट्झ. घरगुती राउटरची ताकद साधारण १०० मिलिवॅट असते, तर बऱ्याच हेडफोनमधला ब्लूटूथ कमाल २.५ मिलिवॅटचा. त्यात राउटर सोफ्याशेजारी असेल तर हेडफोनला मोबाइलचं ऐकू येणं कठीणच.

ब्लूटूथ यातून वाट काढतो ती उड्या मारून. या पट्ट्यात त्याचे एकेक मेगाहर्ट्झचे ७९ चॅनेल आहेत आणि तो सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलतो. २००३ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपासून तो गजबजलेले चॅनेल ओळखून टाळतोही. पण निदान २० चॅनेल वापरात ठेवण्याचं बंधन त्याच्यावर आहे, आणि अडचण तिथे येते. तुमचा राउटर २.४ वर ४० मेगाहर्ट्झ रुंदीने चालत असेल, समजा वायफायच्या चॅनेल १ पासून, तर ब्लूटूथच्या ७९ पैकी ४१ चॅनेल त्यानेच व्यापले. शेजाऱ्याचा राउटर वायफायच्या ११ वर असेल तर आणखी २१ गेले. उरले १७. म्हणजे ब्लूटूथला किमान तीन चॅनेल गर्दीतले घेणं भाग आहे. तेच तुमचा राउटर २० मेगाहर्ट्झवर आणलात तर ३७ चॅनेल मोकळे राहतात. राउटरमधली ही एकच सेटिंग बदलून अनेक घरांतली तक्रार मिटते.

पण आधी निदान. मोबाइलमध्ये एक गाणं डाउनलोड करून घ्या. ऑनलाइन गाण्यावर परीक्षा घेऊ नका, कारण नेट अडकलं की गाणं थांबतं आणि दोष हेडफोनच्या माथी येतो. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, फक्त ब्लूटूथ पुन्हा चालू करा आणि नेहमीच्या सोफ्यावर बसून ते गाणं ऐका. टीव्हीवर कुणाला तरी सिनेमा लावायला सांगा, म्हणजे राउटर कामात राहील. आवाज आता नीट येत असेल तर खोट मोबाइलच्याच वायफायमध्ये आहे : बऱ्याच मोबाइलमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात, अनेकदा अँटेनाही एकच, आणि मोबाइल २.४ वर असेल तर दोघं आळीपाळीने ती वापरतात. मोठी फाइल उतरत असेल तर गाण्याची पाळी चुकते. एअरप्लेन मोडमध्येही तुटत असेल तर राउटरचा प्लग काढून तेच गाणं पुन्हा ऐका. आता नीट आलं तर राउटर दोषी. प्लग काढूनही तुटतं? मग शेजाऱ्यांचं वायफाय, घरातलं दुसरं उपकरण किंवा खरोखरच हेडफोन.

दोष मोबाइलच्या वायफायचा असो की राउटरचा, उपाय जवळजवळ सारखेच. राउटरच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१, काही कंपन्यांच्या डब्यांवर १९२.१६८.२९.१. ब्राउझरमध्ये हे आकडे इंग्रजीत टाकून आत जा. वायरलेसच्या पानावर २.४ गिगाहर्ट्झसाठी चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ‘ऑटो’ किंवा ‘२०/४०’ ठेवू नका. स्मार्ट कनेक्ट किंवा बँड स्टीअरिंग (दोन्ही बँड एकाच नावाखाली चालवणारी सोय) असेल तर ते बंद करून ५ गिगाहर्ट्झला, म्हणजे वायफायच्या दुसऱ्या बँडला, वेगळं नाव द्या. मग मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही या नव्या नावाला जोडा आणि त्यांच्यातून जुनं नाव ‘फर्गेट’ करा. हे विसरलात तर मोबाइल भिंतीआड गेला की गुपचूप २.४ वर परततो आणि दोन दिवसांनी तक्रार पुन्हा सुरू होते.

२.४ पूर्ण बंद करायची गरज नाही. वायफायचे बल्ब, प्लग आणि बरेचसे कॅमेरे फक्त त्यावरच चालतात, आणि त्यातले बल्ब-प्लग हवेत फारसं काही बोलत नाहीत. खरा भार सिनेमे आणि व्हिडिओ कॉलचा. टीव्ही राउटरच्या शेजारीच असेल तर लॅन केबलने जोडून टाका. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचं असतं, पण ४के सिनेमालाही २५ पुरतात.

जमल्यास राउटर सोफ्यापासून दोन-तीन मीटर दूर, उंचावर न्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरींची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर राउटर ठेवण्याची पद्धत वायफायलाही मारक आहे. राउटर एकाच बँडचा असेल, ५ गिगाहर्ट्झ नसेलच, तर यातले निम्मे उपाय करता येणार नाहीत. नेटवाल्याकडे ड्युअल बँडचा डबा मागा.

प्रश्न (कोथरूड, पुणे) : डेस्कटॉपला नेट लॅन केबलने आहे, वायफाय वापरतच नाही. मागच्या यूएसबी पोर्टला ब्लूटूथ डोंगल लावलं आहे. बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइली कॉपी करायला लागलो की हेडफोनचा आवाज तुकड्यातुकड्याने येतो. डिस्क काढली की सुरळीत.

उत्तर : यात वायफायचा हात नाही. हा यूएसबी ३ चा गोंगाट आहे. पाच गिगाबिट वेगाने धावणारा सिग्नल आपल्या केबलमधून आणि जोडणीमधून रेडिओचा कचरा बाहेर टाकतो आणि तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. जवळ यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शंभरेक पटीने, वाढल्याचं त्यांच्या मोजमापात दिसलं. तुमचं नखाएवढं डोंगल त्या डिस्कच्या प्लगला खेटून बसलं असणार.

एक मीटरची यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावा आणि ते टोक टेबलावर, हेडफोनला दिसेल असं ठेवा. केबल यूएसबी २ चीच घ्या. ब्लूटूथला त्याहून जास्त वेग लागत नाही, आणि यूएसबी ३ ची केबल तोच कचरा टेबलावर आणून सोडेल. डोंगल काळ्या पोर्टला लावा, डिस्क निळ्या पोर्टला, शक्यतो कॅबिनेटच्या दुसऱ्या बाजूला. डिस्कची केबल सैल किंवा स्वस्तातली असेल तर तीही बदला. आवरण चांगलं असलेल्या केबलमधून गळती कमी होते. केबलवर चढवायच्या फेराइटच्या कड्या या कामाला घेऊ नका, इतक्या वरच्या पट्ट्यात त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

लॅपटॉपला टाइप-सी हब लावणाऱ्यांनाही हेच लागू. हब लॅपटॉपला चिकटून न ठेवता केबलभर दूर सरकवा. २.४ गिगाहर्ट्झची लहर सव्वाबारा सेंटिमीटरची असते, त्यामुळे वीतभर सरकवण्यानेही फरक पडतो.

ज्यांच्या मदरबोर्डवर ब्लूटूथ आहे त्यांच्यासाठी एक सूचना. मदरबोर्डच्या खोक्यात स्क्रूने बसवायच्या दोन अँटेना येतात. ‘आपल्याकडे केबल आहे, वायफाय कशाला’ म्हणून त्या खोक्यातच राहतात. पण ब्लूटूथही त्यांच्यावरच चालतं. अँटेना नसल्या की हेडफोन मीटरभरावरच धापा टाकतो. आधी तुमच्या कॅबिनेटच्या मागे ते दोन सोनेरी टोकं रिकामी आहेत का, हे पाहा.

प्रश्न (ठाणे) : साध्या हेडफोनवर काही त्रास नव्हता. आता महागडा घेतला, तर त्याच खोलीत, त्याच मोबाइलवर तो तुटतो. फसवणूक झाली का?

उत्तर : नाही. महागडा हेडफोन आवाज पाठवायला बहुधा सोनीचं एलडॅक तंत्र वापरत असेल. ते सर्वोच्च दर्जाला सेकंदाला ९९० किलोबिट पाठवतं, साध्या हेडफोनमधल्या एसबीसी तंत्राची मजल ३२८ पर्यंत. हेडफोन थोडासा आवाज साठवून ठेवतो, म्हणजे आवाजाचं एखादं पाकीट (माहितीचा तुकडा) वाटेत हरवलं तर ते पुन्हा मागवायला उसंत मिळते. ९९० वर पाकिटं इतकी खच्चून भरलेली असतात की पुन्हा पाठवायला जागाच उरत नाही.

अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’खाली बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. हेडफोन जोडलेला असताना त्यात एलडॅकचा दर्जा ‘बेस्ट एफर्ट’ करा. गर्दीनुसार तो आपोआप कमी-जास्त होतो. तरी तुटलं तर ३३० वर ठेवा. लोकलच्या डब्यात ३३० आणि ९९० मधला फरक ओळखणारे कान फार थोड्यांचे असतात. आयफोनवर ही भानगड नाही, तिथे एलडॅकच नाही, एएसी या दुसऱ्या तंत्रावरच काम चालतं.

आणि नवा हेडफोन एकाच वेळी मोबाइल आणि लॅपटॉप दोघांना जोडलेला आहे का, तेही पाहा. दोन्हीकडचा दुवा टिकवण्यात त्याचा वेळ जातो, शिवाय लॅपटॉपवर एखादी सूचना टिंग वाजली की गाणं क्षणभर थांबतं. एक जोडणी तोडून बघा.

प्रश्न (नागपूर) : सहा मजली इमारत. ॲपमध्ये २.४ वर पंचवीसेक नेटवर्क दिसतात. आमच्या घरी दोन वायफाय कॅमेरे आणि मागच्या खोलीसाठी एक रिपीटर आहे. हेडफोन रात्री जास्त तुटतो. कोणता चॅनेल ठेवावा?

उत्तर : १, ६ किंवा ११. मधला ३ किंवा ४ मोकळा दिसला तरी तो घेऊ नका, तो दोन्हीकडच्यांच्या पायात पाय घालतो आणि तुमचं वायफायही मंदावतं. निवड करताना नेटवर्कांची संख्या मोजू नका, जोर बघा (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त). ॲपमध्ये उणे ८५ दाखवणारे दहा शेजारी असले तरी चालतील. उणे ५५ चा एकच, भिंतीपलीकडचा, त्रासाला पुरेसा आहे. शक्य असेल तर जोरदार शेजारी ज्या चॅनेलवर आहे त्याच चॅनेलवर आपला राउटर ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण वायफाय एकाच चॅनेलवर पाळीने बोलतं, आणि पट्ट्याचा बाकीचा भाग ब्लूटूथला मोकळा मिळतो. तुमचं नेट थोडं संथ होईल. जड कामं ५ गिगाहर्ट्झवर नेली असतील तर ते जाणवणार नाही. भारतात चॅनेल १३ पर्यंत परवानगी आहे, पण १२-१३ वर जाऊ नका. पट्ट्याच्या वरच्या टोकाला ब्लूटूथला जो कोपरा मिळतो तोही त्याने जातो, शिवाय अमेरिकेहून आणलेल्या काही उपकरणांना हे चॅनेल दिसतच नाहीत. चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता पक्का करा, राउटर चॅनेल बदलतो तेव्हा ब्लूटूथला कुठे गर्दी आहे ते नव्याने शोधावं लागतं.

पण तुमच्या घरात मला चॅनेलपेक्षा कॅमेऱ्यांचा संशय जास्त आहे. कॅमेरा दिवसरात्र चित्र पाठवत असतो. समजा २ एमबीपीएस. राउटरशी त्याची जोडणी ६५ एमबीपीएसची असेल तर त्याला हवेतला शेकडा तीन इतका वेळ लागतो. तोच कॅमेरा जिन्यात, दोन भिंतींपलीकडे असेल आणि जोडणी ६ वर घसरली असेल, तर तेच चित्र पाठवायला एक तृतीयांश वेळ जातो. घरातलं सगळ्यात कमी रेंजचं उपकरण सगळ्यांत जास्त हवा अडवतं. बाहेरचा कॅमेरा केबलने जोडा. ते जमत नसेल तर सतत ऐवजी हालचाल दिसल्यावरच चित्रण ठेवा आणि ते कॅमेऱ्यातल्या कार्डावर साठवा.

रिपीटर काढाच. तो प्रत्येक पाकीट ऐकून त्याच चॅनेलवर पुन्हा ओरडतो, म्हणजे मागच्या खोलीत एक सिनेमा पाहिला की हवेत तो दोनदा जातो. मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलचं नेट वायफायने पसरवण्यापुरता, लावा. केबल अशक्य असेल तर निदान दोघांमधला दुवा ५ गिगाहर्ट्झवर चालवणारी जोडी घ्या. रात्री जास्त तुटण्याचं कारण साधं आहे : त्या वेळी सगळी इमारत व्हिडिओ पाहत असते.

प्रश्न (कोल्हापूर) : मायक्रोवेव्ह लावला की स्वयंपाकघरात इअरफोन बंद पडतात. मायक्रोवेव्ह गळतोय का? धोका आहे का?

उत्तर : थोडं तर प्रत्येक मायक्रोवेव्ह गळतो. तो २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे ब्लूटूथच्या पट्ट्याच्या अगदी मध्यावर. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाच सेंटिमीटरवर प्रति चौरस सेंटिमीटर पाच मिलिवॅटपर्यंत गळती चालते. माणसाला ती निर्धोक, पण अडीच मिलिवॅटवर बोलणाऱ्याला भारी. ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हमध्ये विजेच्या दर आवर्तनाच्या अर्ध्या भागातच लहरी निघतात, दहा मिलिसेकंद गोंगाट आणि दहा शांतता, म्हणून आवाज पूर्ण न जाता फाटल्यासारखा येतो.

मोबाइल ओट्यावर मायक्रोवेव्हशेजारी ठेवू नका, वरच्या खिशात ठेवा. हेडफोन आणि मोबाइल एकमेकांच्या जवळ आणि दोघंही मायक्रोवेव्हपासून दोन मीटर दूर, एवढं पुरतं. दार नीट बसत नसेल, बिजागरी ढिली असेल किंवा जाळी फाटली असेल तर मात्र मायक्रोवेव्ह दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

प्रश्न (रत्नागिरी) : घरात इअरबड उत्तम चालतात, तिथे वायफायही आहे. बाहेर खळ्यात फेऱ्या मारताना, जिथे काहीच नाही, तिथे उजवा बड तुटतो. उलटंच कसं?

उत्तर : घरात भिंती लहरी परतवतात, त्यामुळे खिशातल्या मोबाइलची लहर तुमच्या शरीराला वळसा घालून कानापर्यंत पोचते. खळ्यात भिंत नाही. शरीरात बहुतांश पाणी, आणि ही लहर पाण्यात जिरते. मोबाइल डाव्या मागच्या खिशात असेल तर तो उजव्या कानाला दिसतच नाही. उजव्या पुढच्या किंवा शर्टाच्या खिशात ठेवा. जुन्या बड्समध्ये एक बड मोबाइलकडून घेतो आणि दुसऱ्याला देतो, मध्ये डोकं आडवं येतं. तसं असेल तर मोबाइल घेणाऱ्या बडच्या बाजूला हवा. कोणता बड घेतो ते एकेक बड डबीत ठेवून कळतं.

प्रश्न (नाशिक) : लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की हेडफोनमधून आवाज जुन्या टेलिफोनसारखा येतो. राउटर बंद करून मोबाइलच्या नेटवर पाहिलं, तरी तेच.

उत्तर : राउटर निर्दोष आहे. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून फोनकॉलच्या पद्धतीवर जातो : एकच वाहिनी आणि सेकंदाला आवाजाचे बहुधा ८ किंवा १६ हजार नमुने. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन. आवाज लगेच भरदार होईल. मीटिंगमध्ये आवाज तुटत असेल तर ते वेगळं दुखणं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय अडॅप्टरच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘प्रिफर्ड बँड’ ५ गिगाहर्ट्झ करा.

प्रश्न (वाशी) : मुलीने अमेरिकेहून टीव्हीसाठी ९०० मेगाहर्ट्झचा बिनतारी हेडफोन आणला आहे. वायफायचा त्रास होत नाही असं खोक्यावर लिहिलं आहे. इथे मात्र सतत खरखर आणि मध्येच टर्रटर्र ऐकू येते. दुरुस्त होईल का?

उत्तर : वायफायचा त्रास होत नाही हे खरंच आहे. पण ९०२ ते ९२८ हा पट्टा अमेरिकेत असल्या उपकरणांसाठी खुला आहे. भारतात त्यातला मोठा भाग मोबाइल कंपन्यांकडे आहे. ती टर्रटर्र म्हणजे शेजारून जाणारे मोबाइल फोन. हेडफोन ॲनालॉग असल्यामुळे आवाज तुटण्याऐवजी खरखरतो. हे दुरुस्तीचं काम नाही, आणि तो वापरल्याने मोबाइलच्या सेवेत आपलाही अडथळा होतो, तेव्हा इथे तो बंदच ठेवा.

त्याच्या जागी इन्फ्रारेड हेडफोन पाहा. तो प्रकाशावर चालतो, वायफायशी त्याचा संबंध नाही. मात्र टीव्हीसमोर, त्याच खोलीत बसावं लागतं आणि हेडफोनवर उन्हाची तिरीप नको. किंवा टीव्हीच्या ऑप्टिकल अथवा हेडफोनच्या सॉकेटला ब्लूटूथ ट्रान्समीटर लावा. तो टीव्हीच्या मागे न लपवता पुढे ठेवा. ओठ आणि आवाज जुळायला हवे असतील तर ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांवरही उशीर कमी करणारं ॲपटीएक्स लो लेटन्सीसारखं एकच तंत्र असलं पाहिजे, एकावर असून भागत नाही.

आणि अमेरिकेतला तो संच पुन्हा कुणाला देण्याआधी त्याच्या अडॅप्टरवरचा मजकूर वाचा. ‘इनपुट १००–२४०’ असेल तर ठीक. नुसतं १२० व्होल्ट असेल आणि आतापर्यंत तुम्ही स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवत असाल, तर तो ट्रान्सफॉर्मरही सोबत द्या. तो अडॅप्टर आपल्या २३० च्या प्लगमध्ये थेट घातला तर जळेल.